ज्ञानेशरावांचं खरं वजन

माझ्या नवऱ्याने, म्हणजे ज्ञानेशरावांनी, बाविसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. जत तालुक्यातला माणूस. पाण्याशी ओळख काय, तर टँकर आला की घागर घेऊन पळायचं. नोकरीसाठी बोईसरला आले, कारखान्यात बॉयलरवर लागले आणि तेवीस वर्षं काचेमागचा काटा बघत बसले. चाळिशीत पोहायला शिकले, तोवर सगळं ठीक होतं. मग पंचेचाळिसाव्या वर्षी मोबाईलवर त्यांनी विंग फॉइलिंग पाहिलं आणि आमच्या घराची शांती गेली ती गेलीच.

प्रकार असा असतो. एक फळी. फळीखाली कमरेएवढ्या उंचीचा खांब आणि खांबाच्या तळाशी विमानाला असतो तसा पंख, त्याला म्हणायचं फॉइल. हातात हवा भरून फुगवलेलं शीड. शिडात वारा भरला की फळी पळते आणि पाण्यातला तो पंख माणसाला फळीसकट वर उचलतो. सगळ्या जगाला उचलतो म्हणे. आमच्या माणसाला चार महिन्यांत एकदाही उचललं नाही.

दर रविवारी शिरगावच्या किनाऱ्यावर हे धपाधप पडायचे आणि मी छत्रीखाली तोंड लपवून बसायचे. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका हातातलं काम टाकून बघायच्या. त्यांची पुढारीण नलूमावशी, साठीची, तोंडाने फटकळ. ती तर मला विचारायची, बाय, आज किती वेळा आपटले?

शेवटी मी निर्वाणीचं सांगितलं. पाडव्याची गुढी उतरायच्या आत एकदा तरी उडून दाखवा, नाहीतर ती फळी विका. घेणारासुद्धा मीच शोधला. डहाणूचा मेहुल, हाच खेळ शिकवणारा. पाडव्याला चार वाजता शिरगावला येतो म्हणाला. ज्ञानेशरावांनी वाद घातला नाही, नुसतं 'बरं' म्हणाले. ते 'बरं' मला आठवडाभर टोचत राहिलं.

पाडव्याला सकाळी गुढी उभारली, श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून हे निघाले. अकरापासून बारापर्यंत नऊ वेळा पडले. नवव्यांदा नलूमावशी बोंबलांची पाटी खाली ठेवून तरातरा आली.

"भाऊ, तुमचं वजन किती हाय?"

"अडुसष्ट," ज्ञानेशराव म्हणाले.

मावशीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. सुरमई घेताना बघते तसं. "अडुसष्ट तुमी लग्नात होता. चला काट्यावर."

आता हे अडुसष्ट कुठून आलं ते सांगते. कारखान्यात दरवर्षी तब्येतीचा फॉर्म भरतात. तिथे आमचे महाराज दरवर्षी सांगतात, गेल्या वर्षीचंच लिहा. असं अकरा वर्षं चाललंय. फॉइल निवडायच्या तक्त्यातही त्यांनी तेच अडुसष्ट घातलं, वारा मोबाईल सांगेल तेवढा धरला, आणि लहान पंख लावून मोकळे झाले. एक हजार चौरस सेंटिमीटरचा. खोक्यात दुसरा होता, बरोबर दुप्पट. तो म्हणे शिकाऊ पोराटोरांचा! वर मला ऐकवलं होतं, लहान पंख वेगवान असतो, तुला नाही कळायचं. मी हसू शकत नाही म्हणा. मी स्वतः दवाखान्यातल्या काट्यावर डोळे मिटून उभी राहते.

मासळीच्या पाट्या मोजायच्या काट्यावर ज्ञानेशराव उभे राहिले. साडेचौऱ्याऐंशी. अख्खा किनारा हसला, तेही हसले.

"भरल्या होडीला एवढंसं शीड लावून भागत नाय," मावशी म्हणाली. "आनि वारा तरी कुटं हाय? माझे बोंबील बघा, नुसते डुलतायत. मोटा पंख हाय का नाय तुमच्याकडं?"

ज्ञानेशरावांनी माझ्याकडे पाहिलं. मोठा पंख होता ना. घरी, गच्चीवर, आणि त्याच्यावर माझ्या कुरडया वाळत होत्या. इतका गुळगुळीत की कुरडई चिकटत नाही. फळी विकली तरी तो मागे ठेवायचा, असं मी मनात पक्कं केलं होतं.

ज्ञानेशराव वाळूत बसले. "राहू दे, विजया," म्हणाले. "मेहुलला लवकर ये म्हणून सांग."

आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली, या माणसाने स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते एकदा हवेत जायला. भरती दीडला होती, मग पाणी ओसरलं की फळीखालचा खांब वाळूत रुततो. मी स्कूटरला किक मारली.

कुरडया पातेल्यात ओतल्या, मोडल्या तर मोडल्या. पंख चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर आडवा बांधला. दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. नाक्यावर एका रिक्षावाल्याने विचारलं, भाभी, ये प्लेन का है क्या? मी म्हटलं, हो, बाकीचं विमान शिरगावला थांबलंय.

दीडला पाच मिनिटं कमी होती. ज्ञानेशरावांनी चार स्क्रू आवळले. पंखाला कुरडईचा एक तुकडा चिकटलेलाच होता, तो मी काढू दिला नाही. ते पाण्यात शिरले. शिडात वारा भरला, फळी पळायला लागली, पाण्यावर थपथप, थपथप, आणि एकदम तो आवाजच बंद झाला.

अगं बाई! साडेचौऱ्याऐंशी किलो माणूस पाण्याच्या हातभर वर चाललेला!

मी साडी खोचून गुडघाभर पाण्यात धावले, मावशी बोंबलांची जुडी हवेत फिरवत नाचत होती आणि मी रडत होते का हसत होते, मला आजही सांगता यायचं नाही. फक्त एक घोटाळा झाला. थांबायचं कसं, हे ज्ञानेशरावांना ठाऊक नव्हतं. चार महिन्यांत त्याची गरजच पडली नव्हती. ते तसेच शेजारच्या माहीम गावाच्या दिशेने दिसेनासे झाले.

आले ते चारच्या सुमाराला, किनाऱ्याने चालत. डोक्यावर फळी, जतला घागर असायची तशी, आणि तोंडभर हसू. तेवढ्यात मेहुलची गाडी आली. फळी विकायची नाही म्हटल्यावर बिचारा गोंधळला. एवढ्या लांबून कशाला बोलावलंत, म्हणाला.

नलूमावशी आता मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होती. तिने तोंड उघडायच्या आत मीच बोलले, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं.

"माझं वजन एकाहत्तर किलो आहे. मला केवढा पंख लागेल, ते सांग."