भोंग्याचा उजवा खांदा

आमच्या भावजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, सगळे भोंगा म्हणतात. आठवडाभर ते दुकानात जळालेल्या मोटरींची तार नव्याने गुंडाळून वाइंडिंग करायचे आणि सुट्टीला फुटबॉलच्या मैदानावर मंचावरून माइकवर सामन्याचं निवेदन करायचे. तोंडाचा पट्टा सुटला की सामना कितीही रटाळ असो, माणूस जागचा उठत नसे. ताई म्हणायची, यांची जीभ टाळूला लागते ती फक्त झोपेत.

गेल्या मोसमात ऐन उपांत्य सामन्याआधी ते तापाने फणफणले. फ्लू होता, उतरला. पण मग पायांना मुंग्या यायला लागल्या आणि मंचाची पायरी चढताना गुडघेच दुमडले. लोक हसले, वाटलं, भोंग्याची नवी गंमत. दुसऱ्या दिवशी हातातून पक्कड गळून पडली. ताईने त्यांना रिक्षात घातलं आणि थेट इस्पितळ गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय ढिम्म. त्यांनी समजावून सांगितलं, की विषाणूशी लढून झाल्यावर शरीराची फौज कधीतरी, अगदी क्वचित, आपल्याच नसांवर उलटते. नसांवरचं आवरण झिजतं आणि मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. आजाराचं नाव गुलेन बॅरी. बहुतेकजण बरे होतात, पण सावकाश, आणि श्वासावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

झालंही तसंच. छातीचे स्नायू थकले, घशात नळी गेली आणि भोंगा गप्प झाला. मान, हात, पाय, काहीच हलेना. शिरेतून औषध सुरू होतं. बोलायला उरल्या पापण्या: एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही.

अंतिम सामन्याच्या दुपारी ताईने मैदानावरचं थेट निवेदन लावून फोन त्यांच्या कानाशी धरला. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. माइकवर नवा पोरगेला निवेदक होता आणि तो खेळाडूंची नावं उलटसुलट करत होता. भावजींच्या पापण्या सारख्या दोनदा, दोनदा मिटत होत्या. नर्सही सलाइन बदलायचं सोडून ऐकत राहिली. बरोबरी होती, दोनच मिनिटं उरली होती, आपल्या संघाने गोल केला आणि निवेदक म्हणाला, ऑफसाइड!

भावजींनी खांदा उडवला.

ताईचा फोन हातातून सुटला. "अहो, पुन्हा करा," ती म्हणाली.

उजवा खांदा पुन्हा हलला. इवलासा, पण हलला! नर्स धावत डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली. आम्ही दोघी बहिणी एकमेकींना घट्ट धरून रडत-हसत होतो, आणि गोल मंजूर झाला की नाही, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. झाला होता.

पुढे नळी निघाली, मग बसणं, मग वॉकर. पावलं अजून बधिर आहेत. वाइंडिंगचं काम ताई शिकली, ते खुर्चीतून चुका काढतात.

या मोसमात ते पुन्हा मंचावर आले. दोन वाक्यांनंतर धाप लागते, म्हणून दुसरा माइक ताईच्या हाती दिलाय. परवा पेनल्टीवरून दोघांची माइकवरच जुंपली. पंचाने शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि मैदानातून ओरडून विचारलं, "तुमचं ठरलं की सांगा, मग पुढे जाऊ."

मैदान हसून लोटपोट झालं. ताई मात्र माइक सोडायला तयार नव्हती.