रत्नप्रभाचं वजन

साखरेचा डबा धाकूनं स्वतःच्या हातानं शेजारच्या मालनला देऊन टाकला आणि तिथूनच वाट लागली. त्याच्या थोरल्या बहिणीची, रत्नप्रभाची, पहिली केमो नुकतीच झाली होती. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, साखरेवर कॅन्सर पोसतो. धाकूनं साखर काढली आणि हात लागलाच होता म्हणून दूध, अंडी, मासळीसुद्धा काढली. जिनं मुलुंडात अर्धं आयुष्य खाणावळ चालवली, तिच्यापुढे सकाळी कारल्याचा रस नि दुपारी उकडलेला दुधी येऊ लागला. ती गिळवेल तेवढं गिळायची.

"यांना उपास कुणी सांगितला?" हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ क्षमा मॅडमनी विचारलं. धाकू वर पंख्याकडे बघत राहिला, जणू पंख्यानंच सांगितला होता.

"सगळं परत सुरू करा. वजन आणखी उतरलं तर डॉक्टर पुढची केमो लांबवतील."

लांबवतील हा शब्द धाकूनं घरी येईपर्यंत दहादा पुटपुटला. आई गेल्यावर याच बहिणीनं त्याला गावाहून आणून वाढवलं होतं. आता तिच्या हातातली पाटली कोपरापर्यंत सरकायची आणि साठी उलटलेल्या धाकूला जत्रेत बोट सुटलेल्या पोरासारखं व्हायचं.

त्यानं बांगडे तळले. वासासरशी ती नाकाला पदर लावून गॅलरीत गेली. तोंडात किल्ली धरल्यासारखं लागतं, म्हणाली. मग मॅडमना फोन झाला. त्या म्हणाल्या, वास येणारं गरम नको, गारच द्या, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. धाकू तांदळाच्या गार पेजेत तूप नि दुधाची पावडर कालवून वाटी घेऊन तिच्या मागे फिरू लागला.

"बाय गो, दोन चमचे."

"मघाशी पण दोनच म्हणालेलास."

"ते मघाचे."

"माझ्या खाणावळीत तुला वाढायला ठेवला असता ना, तर एक गिऱ्हाईक टिकलं नसतं."

तो हसायचा. चमचा वाटीला लागल्याचा आवाज थांबला की मात्र तो लगेच वाटीत डोकावायचा.

केमोच्या दिवशी सिस्टर म्हणाली, "आजी, आधी वजन. औषध किती द्यायचं ते त्यावरच ठरतं." चप्पल काढून रत्नप्रभा काट्यावर चढली. धाकू तिला धरायला म्हणून पाठीशी उभा राहिला. आकडे नाचत होते, थांबत नव्हते. त्यानं डोळे मिटून गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं. आणि कधी कुणास ठाऊक, त्याच्या डाव्या पायाचा अंगठा काट्याच्या कडेवर गेला, मग चवडा, मग थोडा भारही.

आकडा टुणकन वर गेला. रत्नप्रभानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"पाय काढ रे धाकल्या, औषध मला घ्यायचंय, तुला नाय."