डावीकडे न वळणारी पिकअप

माझ्या भाचीच्या साखरपुड्याला मुलाकडची मंडळी पाऊण तास उभी होती, कारण सगळ्या खुर्च्या माझ्याकडे होत्या आणि मला डावीकडे वळता येत नव्हतं.

राजाजीनगरला आमचं मंडप-खुर्च्या भाड्याने देण्याचं दुकान आहे. साखरपुड्याच्या तीन दिवस आधी दुकानाची पिकअप पुढून खडखडायला लागली. आमचे नेहमीचे मेकॅनिक मंजण्णा गाडीखालून बाहेर आले. "डाव्या बाजूचा स्टब एक्सल गया, साब. जिसपे चाक घूमता है, वो. नया मंगाओ, दो दिन."

"भंगाराच्या गुजरीत जुना मिळेल की," मी म्हणालो.

"मिलेगा. मैं नहीं लगाऊंगा."

"का?"

"घर के लोग बैठते हैं इसमें."

माणूस उगाच हळवा होतोय, असं मला वाटलं. मी भंगार बाजारात गेलो, अर्धा तास घासाघीस केली आणि विजयी मुद्रेने तो जड तुकडा घरी आणला. बायकोने, वैजयंतीने, तो चाकाशेजारी धरून पाहिला.

"अहो, हा उजवा आहे."

(तिला हे कसं कळलं, हे मी विचारलं नाही. मला कसं नाही कळलं, हे तिने विचारलं असतं.)

बदलून डावा आणला. तो दुसऱ्याच मॉडेलचा होता, हे मला नंतर समजलं. बसवला कोपऱ्यावरच्या एका मेकॅनिकने. त्याने एकही प्रश्न विचारला नाही, त्यावरून तो फार अनुभवी असावा असा मी निष्कर्ष काढला.

साखरपुड्याच्या सकाळी मागे सत्तर खुर्च्या आणि मसालेभाताचं पातेलं, पुढे वैजयंती आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या, असे आम्ही मल्लेश्वरमला निघालो. दहा मिनिटांचा रस्ता. पहिल्या डाव्या वळणावर स्टिअरिंग अर्ध्यातच अडलं. गाडी उजवीकडे लोण्यासारखी वळायची, डावीकडे म्हटलं की हटून बसायची!

"परत मंजण्णांकडे चला," वैजयंती म्हणाली.

"तीनदा उजवीकडे वळलं की एकदा डावीकडे वळल्यासारखंच होतं," मी म्हणालो. भूमितीवर माझा विश्वास होता. एकेरी रस्त्यांचा नव्हता.

"अरे, हे गणपतीचं देऊळ तिसऱ्यांदा आलं," आत्या म्हणाली.

"दर्शन होतंय ना, आत्या."

"होतंय. पण दर वेळी देव स्वल्प जास्त काळजीत दिसतो."

अखेर हॉल दिसला. मधे फक्त एक गल्ली होती आणि ती डावीकडे होती. मी गोगलगायीच्या वेगाने सगळा जोर लावून स्टिअरिंग ओढलं. खाली काहीतरी कटकन मोडलं आणि पुढचं चाक थकलेल्या माणसासारखं आतल्या बाजूला कललं. गाडी गल्लीच्या तोंडाशी आडवी. मागे रिक्षांची रांग.

हॉर्न बंद झाले तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं. हेच मघाशी मोठ्या रस्त्यावर, भर वेगात झालं असतं तर? मी आत्याकडे बघूच शकलो नाही. तिने माझा हात थोपटला आणि म्हणाली, "मला आधी उतरव. मग रड."

तेवढ्यात कोपऱ्यावरची फुलं विकणारी अक्का उठली. काहीही न विचारता तिने दोन खुर्च्या डोक्यावर घेतल्या आणि हॉलकडे चालू लागली. तिच्यामागे दोन रिक्षावाले. मग इस्त्रीवाला. मसालेभाताचं पातेलं चौघांनी उचललं. शेवटी नवरदेवाचे वडील स्वतः आले आणि चार खुर्च्या काखोटीला मारून म्हणाले, "एवीतेवी उभेच आहोत."

साखरपुडा झाला. अक्का आणि रिक्षावाले पहिल्या पंगतीला बसले. त्यांना वाढताना माझे डोळे भरून आले. मी ते मिरचीवर ढकललं.

दुपारी मंजण्णा आले. त्यांनी खाली वाकून मोडलेला तुकडा पाहिला आणि कपाळाला हात लावला. वैजयंतीकडे वळून त्यांनी विचारलं, "मेडम, अब नया, के फिर पुराना?"

"नवीनच घाला, अण्णा," ती म्हणाली. "जुना, अडणारा असा एक नग घरात आहे. त्याचा बदली पार्ट मिळत नाही म्हणून ठेवलाय."