साक्षीदार काच

बिराजदार सरांना मी खुर्चीत टेकलेलं फारसं पाहिलं नाही. लातूरच्या आमच्या प्रयोगशाळेत ते सूक्ष्मदर्शकातसुद्धा उभ्यानेच, वाकून बघायचे. गाठीच्या तुकड्यात शोधायचं ते प्रथिन असलं की त्याला रंग चढे, आणि रंग चढला की आम्ही खुशीत काच पुढे करायचो. सरांचा प्रश्न ठरलेला, "साक्षीदार कुठाय?" साक्षीदार म्हणजे त्याच तुकड्याची दुसरी काच. तिच्यावर ते प्रथिन शोधणारं औषध मुद्दामच घातलेलं नसे. ती कोरी राहायला हवी. तीही रंगली, तर पहिलीचा रंग खोटा.

त्या वर्षी दुष्काळाने जीव नकोसा केला होता. काचा धुवायला सर घरच्या टँकरचं पाणी कॅनमधून आणत आणि बायकोची बोलणी खात. उदगीर जिल्हा होणार, अशी तेव्हा जोरात चर्चा होती. सर उदगीरचेच, तरी म्हणायचे, "जिल्हा हू दे की. आधी नळाला पाणी येऊ दे."

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या स्तनातली गाठ आमच्याकडे तपासायला आली. गोळ्यांना दाद देणारं प्रथिन तिच्यात सापडलं तर गोळ्यांवर भागणार होतं, नाहीतर केमो. जुन्या पद्धतीने रंगवलेली काच छान तपकिरी झाली. मी तर अक्कांना फोनच लावत होते. सर म्हणाले, "थांब जरा." साक्षीदार काच त्यांनी उजेडात धरली. तीही तपकिरी होती.

"अक्काच्या गाठीतच कायतरी हाय. जुन्या रसायनाला भुलवायलंय," सर म्हणाले. नव्या पद्धतीत ते रसायनच नसतं, पण तिचा संच पुण्याहून यायचा होता. तोवर सरांच्या येरझाऱ्यांनी आम्हालाही काम सुचेना. मी धीर द्यायला म्हटलं, "नव्यातही येईल की रंग, सर."

"येऊ दे बाई," ते इतकं हळू म्हणाले की मला भीती वाटली.

संच आला. प्रथिन नक्की असलेली दुसरी एक गाठ शेजारी रंगवली होती, ती झकास रंगली, म्हणजे संच चोख होता. साक्षीदार कोरी राहिली. अक्कांची काचही कोरीच.

सरांनी आमच्यासमोरच फोन लावला. "अक्का, गोळीनं भागायचं न्हाई. केमो घ्यावं लागतंय."

अक्कांचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "मग घेऊ की. तू जेवलास का?"

अक्कांचे केस गेले, अक्का राहिल्या. सर मात्र गेल्या वर्षी प्रयोगशाळेचा जिना चढता चढताच गेले. मला अजून त्यांची चाहूल लागते. त्या दिवशी अक्का आल्या, भावाच्या उशाशी बसल्या आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "लई फिरलास बाबा. आता पड निवांत."