चिकाचे बारा डाग

मेव्हणा मुंबईला जाताना आपली पांढरी गाडी चार दिवस माझ्याकडे ठेवून गेला. उन्हात तापू नये म्हणून मी ती हापूसच्या झाडाखाली लावली आणि टपावर चिकाचे बारा डाग पडले. तो परत यायच्या आदल्या दिवशी मी भाट्याच्या वाटेवरचा एक गाड्यांचा रंगारी गाठला आणि त्याला सगळं सांगितलं.

बारीक खरखरही बोटांना कळावी म्हणून त्याने हातावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवली, डोळे मिटले आणि गाभण म्हैस चाचपावी तशी गाडी चाचपली.

"एकवीस आहेत."

"बारा. मी तीनदा मोजलेत."

"डोळ्यांनी मोजलेत. हाताला नऊ जुने लागतायत. ते मालकाचे."

"मग तेही काढा."

"खुळे काय, साहेब? सगळी चकचकीत झाली तर मेव्हणा विचारील ना, भावोजी, काय लपवलंत?"

त्याने रॉकेलच्या बोळ्याने माझे बारा तेवढे पुसले आणि मालकाच्या नऊ डागांना बोटही लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याने गाडीभोवती फेरी मारली. म्हणाला, "तुमच्याकडे ठेवली म्हणून निर्धास्त होतो, भावोजी."

मला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी गप्प राहिलो.