ओला अंबाडा

निम्म्या भाकरी तव्यावरून उतरल्या होत्या, तेवढ्यात शिवप्रियाचं डोकं पुन्हा खाजलं. हात पिठाचे, म्हणून तिनं कोपरानंच डोकं घासलं. सासू शिवकांताबाई हसल्या, "भाकरी थापतीस का नाचतीस गं?"

शिवप्रियाचे डोळे भरून आले. तेविसाव्या वर्षीच तिचा भांग रुंद दिसू लागला होता. "आत्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज न्हाऊन ओला अंबाडा बांधू नका, त्यानं खाज वाढते, केस गळतात. आठवड्यातून दोनदाच न्हा. पण डोक्यावरून पाणी न घेता लिंगपूजेला बसू कशी?" लग्न होऊन जळकोटला आल्यापासून तिनं हा नेम एकदाही मोडला नव्हता.

"खुळे, मला विचारायचं तरी!" शिवकांताबाईंनी तिचा अंबाडा सोडून केस पाठीवर मोकळे केले. "मी चाळीस वर्षं सोमवारी अन् गुरुवारीच न्हाते. माझा महादेव कधी रुसला व्हय?"

दुसऱ्या दिवशी शिवप्रिया अंगावरूनच पाणी घेऊन बिचकत पूजेला बसली. विभूती लावून तिनं गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं, आणि मन रोजच्यासारखंच निवांत झालं. जेवणं उरकल्यावर ती डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला शाम्पू आणायला स्टँडजवळच्या मेडिकलात गेली.