आईसाठी कधीचं टेबल

भावजयीचा निरोप आला तेव्हा मी सोसायटीत लग्नाच्या साड्यांचे गठ्ठे तपासून घेत होते. ‘अक्का, पार्कमधल्या हॉटेलांचं बुकिंग सुरू झालंय. कुठल्या दिवशी, किती वाजता, ते तुम्हीच ठरवा. उशीर केला तर टेबल मिळत नाही.’

माझा धाकटा भाऊ सिंगापूरला असतो. वडिलांचं, म्हणजे आप्पांचं वर्षश्राद्ध उरकलं की आईला थोडे दिवस तिकडे न्यायचं आणि त्यातले दोन दिवस नातीबरोबर थीम पार्कमध्ये घालवायचे, असं त्याने ठरवलं होतं. ठरवणं त्याचं आणि मांडणी माझी, हे आमच्याकडे लहानपणापासून चालत आलं आहे. आम्ही कुंभकोणम्‌चे, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेले मराठी लोक. तिरुभुवनम्‌च्या रेशीम विणकरांच्या सोसायटीत मी ऑर्डरींचं काम बघते. लग्नाची तारीख कळली की तिथून उलटं मागे यायचं, साडी घरी कधी पोचायला हवी, मागावरून कधी उतरायला हवी, रंग कधी ठरायला हवा. सहलीचंही मी तसंच करते. आधी जेवणं पक्की करायची आणि पाळणे नि झोपाळे मधल्या जागेत बसवायचे. लोक नेमकं उलटं करतात आणि मग भर उन्हात उपाशी पोरं घेऊन रांगेत उभे राहतात.

त्या संध्याकाळी मी पंचांग आणि पार्कचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून बसले. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेरचं जेवण नको, प्रवासाने आईचं पोट बिघडतं. एकादशीला तर प्रश्नच नाही. पार्कमध्ये एकच हॉटेल असं होतं जिथे शाकाहारी जेवण वेगळं मांडतात आणि कापडी वेषातले प्राणी टेबलाशी येऊन मुलांना भेटतात. भाचीला ते प्राणी हवे होते. म्हणजे हॉटेलही ठरलं. एकादशीच्या अलीकडचा एक दिवस आणि पलीकडचा एक, हेही ठरलं. राहिली फक्त वेळ.

आई मागच्या पडवीत केळफूल सोलत बसली होती. मी विचारलं, “आई, तिकडे किती वाजता जेवशील? टेबल सांगायचंय.”

“मज काय ठाऊक?”

“अगं, तुझ्या जेवणाची वेळ तुला ठाऊक नाही?”

तिने हातातली पाकळी खाली ठेवली आणि खरोखरच विचार केला. मग म्हणाली, “ते जेवले कीं.”

ते म्हणजे आप्पा. मग हाताला लागलेला चीक तेलाने पुसत आई म्हणाली, “ते मागे येऊन हात धूत. त्या नळाचा आवाज ऐकला कीं मज भूक लागायची. घड्याळ कोण बघत होतं?”

हे मला नवीन नव्हतं, पण असं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरी दुपारचं जेवण केळीच्या पानावर. आधी आप्पा, आम्ही मुलं, मग आई. ती दुसरं पान घेत नसे. आप्पांच्याच पानावर वाढून घेई. लग्नाकार्यात आप्पा इतरांसारखं जेवण झालं की पान मिटून उठत, घरी मात्र त्यांनी कधी पान मिटलं नाही. उघडं ठेवून उठत, आणि उजव्या कोपऱ्यात काहीतरी राहिलेलं असे. कधी वड्याचा तुकडा, कधी फणसाचा गरा. जे त्या दिवशी चांगलं झालं असेल ते.

कॉलेजात जायला लागल्यावर मी यावरून आईशी भांडायची. “तुला एक वेगळं पान परवडत नाही का?” ती म्हणायची, “परवडतं, पण त्या पानात असा कोपरा येतो का?” आणि आप्पा आतल्या खोलीतून म्हणायचे, “तिला सांग, आज कोपरा मोठा आहे.” दोघांनाही माझ्या स्त्रीस्वातंत्र्याची गंमत वाटायची.

आप्पा गेल्यावर आईने पानं आणणंच थांबवलं. ताटलीत दोन घास घेई, तेही उभ्याने, ओट्याशी. मी सकाळी तिरुभुवनम्‌च्या बसला जायची, संध्याकाळी परत यायची तेव्हा भाताचं पातेलं मी झाकून गेले होते तसंच. “जेवलीस?” तर “जेवलें.” तिच्या पोलक्याच्या बाह्या मी दोनदा आत घेतल्या. मधुमेहाची गोळी घेऊन वर अन्न गेलं नाही तर ती कधीतरी चक्कर येऊन पडेल, घरात एकटी असताना, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मी तिच्या फोनवर बाराचा गजर लावून दिला. गजर वाजला की ती तो बंद करायची, आणि फोन पुसून देवापाशी ठेवायची.

म्हणून माझा सगळा भरवसा त्या टेबलावर होता. तिथे ओटा नाही, वाढायचं नाही, कुणाच्या मागून बसायचं नाही. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एकदम बसायचं. मी दोन्ही दिवसांचं बाराचं टेबल घ्यायला सांगितलं.

भावाचा लगेच फोन आला. “बारा म्हणजे फार लवकर होतं, अक्का. निम्मं पार्कसुद्धा बघून होणार नाही. दीडचं घेऊ.”

“आप्पा बाराला बसायचे.”

“आप्पांसाठी घेतेयस का टेबल?” त्याची जीभ घसरली. मग हळू आवाजात म्हणाला, “बरं. बारा. तू काय, आईलासुद्धा पॅक करून तारखेवर पोचवशील.”

“पोचवायचंच आहे,” मी म्हटलं. “ती झुरत चाललीय, तुला फोनवर दिसत नाही.”

तिरुच्चीहून विमानात बसून आम्ही गेलो. पार्कच्या पहिल्या दिवशी भाचीने आजीला आपल्या आईचे पळायचे बूट घालायला लावले. सुती साडीखाली ते पांढरे बूट. “पाट्टी, आता तू पळू शकतेस,” ती आजीला तमिळ हाक मारून म्हणाली. आई म्हणाली, “कोणाच्या मागे?” सकाळ बरी गेली. आई एका होडीत बसली, एका अंधाऱ्या गुहेत विठ्ठलाचं नाव घेत डोळे मिटून बसली, आणि बाहेर आल्यावर म्हणाली की आत फार सुंदर होतं.

बाराला आम्ही टेबलाशी होतो. पांढरं कापड, प्रत्येकासमोर ताट मांडलेलं. जेवण आपण उठून आणायचं, आणि टेबल दीड तास आपलं. टेबलांची देखभाल करणारी बाई तमिळ होती, तिकडचीच, पण आमच्या गावच्या बायकांसारखीच केसात फूल माळलेली. तिने आईला पाट्टी म्हटलं आणि खुर्ची मागे ओढून दिली. मला वाटलं, जमलं.

आईने बसल्या बसल्या नातीला भात कालवून दिला. मग भावाकडे पाहत राहिली. पापड आहे का, दही आणायचं का. मी तिचं ताट भरून तिच्यापुढे ठेवलं. तिने ते थोडं बाजूला सरकवलं.

“अस्के जेवा आधी,” ती म्हणाली. अस्के म्हणजे सगळे. “मज काय घाई?”

“आई, इथे असं नसतं,” भाऊ म्हणाला. “इथे सगळे एकदमच जेवतात.”

“मग जेव की तू एकदम. मी कुठे नाही म्हणतें?”

भावजय हसली, पण घड्याळ बघत. तो मोठा कापडी हत्ती आला, भाचीला मिठी मारून गेला, आईला नमस्कार करून गेला. आईचं ताट निवलं. भावाचं जेवण झालं. तो हात धुवायला उठला. इतकी वर्षं परदेशात राहूनही त्याला कागदाने हात पुसून चालत नाही. तो गेला आणि आई किंचित पुढे झाली. टेबलाच्या त्या बाजूला तिने हात लांबवला.

ताट तिथे नव्हतं. ती टेबलांवरची बाई कामाला फार चोख. भाऊ उठताक्षणी तिने त्याचं ताट उचललं होतं आणि खालची सांडलेली शितंही टिपून घेतली होती. आईचा हात स्वच्छ कापडावर थोडा वेळ राहिला. मग तिने त्याच हाताने कापडाची घडी सरळ केली, जणू त्याचसाठी लांबवला होता.

भाऊ परत आला. “आई, अजून तशीच? आपली वेळ संपत आली.”

“पोट भरलंय,” आई म्हणाली.

दुपारी भर पार्कमध्ये तिला घाम फुटला. एका बाकावर बसवून भावजयीने तिला सरबत पाजलं. भाऊ माझ्यावर चिडला, कारण दुसऱ्या कुणावर चिडता येत नव्हतं. “बाराचं टेबल, बाराचं टेबल करत होतीस.”

मी त्याला बाजूला नेऊन आईचा हात कुठे गेला होता ते सांगितलं. तो म्हणाला, “माझं उष्टं? मी आईला माझं उष्टं देऊ?”

“देऊ नकोस. ताट सोडून फक्त ऊठ.”

“आप्पांसारखं.”

“हो.”

एकादशीचा दिवस घरीच गेला. आईने फळं खाल्ली, संध्याकाळी नातीला दोन अभंग शिकवले. एकादशीला तिला बरं वाटतं असं माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी तिला कुणी जेव म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तेच हॉटेल. आत शिरतानाच मी त्या बाईला गाठून तमिळमध्ये सांगितलं की मी सांगेपर्यंत आमच्या टेबलावरचं एकही ताट उचलू नका. तिला नवल वाटलं, पण तिने मान डोलावली. आई आदल्या वेळेसारखीच बसली. आम्ही जेवलो. जेवताना भावाने एकदाही वर बघितलं नाही. शेवटी त्याने ताटाच्या उजव्या कोपऱ्यात आंब्याच्या शिऱ्याचा एक नीट चौकोनी तुकडा ठेवला आणि हात धुवायला गेला. ताट तिथेच होतं.

आईने त्या ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“हें त्याला तूं सांगितलंस.”

मला खोटं बोलायला जमलं नाही.

तिने ते ताट अलगद जवळ घेतलं. तो शिऱ्याचा तुकडा उचलून नातीच्या ताटात ठेवला. “त्यांना कोणी सांगत नव्हतं,” ती म्हणाली. रागाने नव्हे. साडीचा काठ बघून माल परत करावा तशी, शांतपणे. मग तिने भावाचं ताट बाजूला ठेवलं, मी वाढून ठेवलेलं तिचं स्वतःचं ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागली.

ती सगळं जेवली. भात, डाळ, ती चव नसलेली भाजीसुद्धा. भाऊ परत आला तो खूश झाला. त्याने मला टेबलाखालून पायाने डिवचलं. भावजय सासूला म्हणाली, “अत्ते, अजून आणू?” आईने हो म्हटलं आणि ते आणलेलंही खाल्लं. तिचा घास तोंडात बराच वेळ फिरत होता. मी समोर बसून पाहत होते आणि मला कळत होतं की ती आमच्यासाठी जेवते आहे. पाहुणे म्हणून गेल्यावर नको असलेला पदार्थ आपण संपवतो तसं.

कुंभकोणम्‌ला परत आल्यावर ती जेवू लागली. बाराचा गजर झाला की ताट घेते आणि खाली बसून जेवते. पातेलं संध्याकाळी रिकामं असतं. बाह्या मी पुन्हा सैल केल्या. डॉक्टरांनी तिचं कौतुक केलं. भूक लागते का, हे मात्र मी तिला विचारत नाही.

या वर्षी पुन्हा भावजयीचा निरोप आला. भाचीला त्याच पार्कला पाट्टीबरोबर जायचंय, टेबल कधीचं घेऊ? मी आईला विचारलं. ती म्हणाली, “तुज जमेल तेव्हाचं घे. मी बसेन.” मी बाराचंच कळवलं.

गेल्या रविवारी मी बाजारातून येताना केळीची पानं आणली. दोन पानं शेजारी शेजारी मांडली आणि आम्ही दोघी एकदम बसलो, कुणी कुणाआधी नाही. वड्याचा कुळंबू, म्हणजे चिंचेची आमटी, चांगला झाला होता. जेवण झाल्यावर मी माझं पान मिटलं. आई उठून मागे हात धुवायला गेली. नळाचा आवाज आला.

तिचं पान उघडंच होतं. उजव्या कोपऱ्यात वड्याचा तुकडा ठेवलेला होता. मी स्वयंपाकघर आवरलं, ओटा पुसला, पण त्या पानाला बराच वेळ हात लावला नाही.